४८४ मतांची तेरीज

१३ ऑक्टोबर २००४, बुधवार. विधानसभेच्या मतदानामुळे बाजारपेठ बंद होती. ते सोयाबीनच्या आवकेचे दिवस. एरवी आडत दुकान सोडून दुपारी जेवायला घरी येणेही वडिलांना जमत नसे. अनायासे सुटी मिळाली, म्हणून पुतणीच्या सोयरिकीची बोलणी करण्यासाठी आम्ही घरातील पाच जण सकाळीच बार्शीला गेलो. मी तेव्हा तालुक्यातील एका बँक शाखेत अधिकारी होतो आणि घरूनच ये-जा करीत असे. परतायला रात्र झाली. 'आपल्या पाच मतांनी काय होणार आहे?' असे कोणीतरी म्हणाले. ते मीच म्हणालो असेन, असे आता वाटते.

१६ ऑक्टोबरला निकाल लागला. आमच्या मतदारसंघात विजयी आणि पराभूत उमेदवारांमध्ये अवघ्या ४८४ मतांचे अंतर होते. रोजमेळात रुपयाचा फरक राहिला तर तो सापडेपर्यंत न झोपणारे आमचे वडील बराच वेळ गप्प बसून राहिले. मग म्हणाले, "पाच मते आपल्या नावे टाका."

ती नोंद माझ्या मनात आजही तशीच आहे. या मतदारसंघाचा इतिहास मांडायला बसलो आहे तो त्यामुळेच.

निजामी राजवटीनंतर

आपला जिल्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. १७ सप्टेंबर १९४८ रोजी संस्थान भारतात विलीन झाले आणि १९५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत येथील जनतेने प्रथमच प्रौढ मताधिकार बजावला. ते मतदान मुंबईच्या नव्हे, तर हैदराबादच्या विधानसभेसाठी होते. १७५ जागांच्या त्या सभागृहात काँग्रेसला ९३ जागा मिळाल्या, तर शेतकरी कामगार पक्षाला १०. त्या दहांमध्ये उस्मानाबादचे भाई उद्धवराव पाटील होते. या जिल्ह्यातील काँग्रेसचे नेते फुलचंद गांधी हैदराबाद राज्याच्या मंत्रिमंडळात होते. एकाच जिल्ह्याची दोन माणसे, एक सत्तेच्या बाकावर आणि एक विरोधाच्या!

१ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात. राज्ये बदलली, राजधानी बदलली, तरी 'भाईं'चा आवाज विधानसभेत घुमत राहिला. राज्यभर काँग्रेसचा प्रभाव असतानाही या भागाने विरोधी पक्षाच्या माणसाला मान दिला, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. पुढे १९७७ मध्ये लातूर लोकसभा मतदारसंघाने त्यांना दिल्लीला पाठविले. लातूर तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्याचाच भाग होते. १६ ऑगस्ट १९८२ रोजी ते स्वतंत्र जिल्हा झाले.

सलग सात विजय

१९७८ मध्ये डॉ. पद्मसिंह पाटील प्रथम विधानसभेवर निवडून आले आणि त्यानंतर १९८०, १९८५, १९९०, १९९५, १९९९ व २००४ अशा एकूण सात निवडणुका त्यांनी जिंकल्या. या काळात पक्षांची नावे बदलली. श्री. शरद पवार यांच्या राजकीय वाटचालीबरोबर समाजवादी काँग्रेस, १९८६ नंतर पुन्हा काँग्रेस आणि १९९९ पासून राष्ट्रवादी काँग्रेस असा हा प्रवास झाला. उमेदवार मात्र तोच राहिला. राज्याच्या मंत्रिमंडळातही त्यांनी काम केले. ढोकीचा तेरणा साखर कारखाना, जिल्हा परिषद, सहकारी संस्था, शिक्षणसंस्था या साऱ्यांच्या राजकारणाशी विधानसभेची निवडणूक बांधलेली असे. व्यापारी वर्गाला याची पुरेपूर जाणीव होती. कारखान्याचे गाळप चांगले झाले की पेठेत पैसा खेळे. त्यामुळे कारखान्याच्या निवडणुकीची चर्चा आमच्या दुकानाच्या गादीवर विधानसभेपेक्षा अधिक रंगत असे.

अशा दीर्घ कारकिर्दीत मतदाराला एक सवय लागते. निकाल ठरलेलाच आहे असे तो गृहीत धरतो. आम्ही बार्शीला निघालो तेव्हा आमच्याही मनात तेच होते.

अटीतटीची २००४

त्या वर्षी डॉ. पाटील यांच्यासमोर अपक्ष म्हणून उभे राहिले ते त्यांचेच चुलत बंधू पवनराजे निंबाळकर. एकाच घराण्यातील दोघे समोरासमोर आल्याने गावोगावी कार्यकर्ते विभागले, सोयरेधायरे विभागले, आणि निकाल ४८४ मतांवर येऊन थांबला.

बँकेत आयुष्य गेल्यामुळे आकडा दिसला की तो उकलून पाहण्याची खोड जात नाही. मतदारसंघात अडीचशे मतदान केंद्रे धरली, तर केंद्रामागे पुरती दोन मतेही नाहीत. आणखी एक हिशोब करून पाहावा. विजेत्याला मत दिलेल्यांपैकी २४३ जणांनी दुसऱ्याला मत दिले असते, तर निकाल उलटा लागला असता. २४३ माणसे म्हणजे किती? आपल्या एखाद्या मध्यम लग्नाच्या जेवणावळीला याहून अधिक पाने उठतात.

येथे कोण जिंकावयास हवे होते, हा माझा मुद्दा नाही. आमच्या घरातील पाच मतांमध्येही एकमत नव्हते. आम्ही सारे गेलो असतो तरी आमची मते कदाचित तीन-दोन अशी विभागली असती. पण ती मोजली गेली असती.

पुढे ३ जून २००६ रोजी पवनराजे यांची कळंबोलीजवळ हत्या झाली. त्यांच्या वाहनचालकाचाही त्यात मृत्यू झाला. जिल्ह्याच्या सार्वजनिक जीवनावर त्या घटनेची छाया दीर्घकाळ राहिली.

पुनर्रचना आणि पुढची पिढी

२००८ च्या पुनर्रचनेत कळंब हा राखीव मतदारसंघ संपुष्टात आला आणि जिल्ह्यात उमरगा, तुळजापूर, उस्मानाबाद व परंडा हे चारच मतदारसंघ उरले. उस्मानाबाद मतदारसंघाला २४२ हा क्रमांक मिळाला आणि कळंब तालुक्यातील बराच भाग त्यात आला. जिल्ह्याचे ठिकाण आणि कळंबची बाजारपेठ अशी दोन व्यापारी गावे आता एकाच मतदारसंघात आहेत. म्हणूनच येथील निवडणुकीत व्यापाऱ्याच्या मताला पूर्वीपेक्षा अधिक वजन आले आहे, असे मला वाटते.

त्याच सुमारास लोकसभेची जागा राखीव न राहता खुली झाली. २००९ मध्ये डॉ. पाटील खासदार झाले, तेही सात हजारांहून कमी मताधिक्याने. विधानसभेला पवनराजेंचे पुत्र ओमप्रकाश राजेनिंबाळकर शिवसेनेकडून आणि डॉ. पाटील यांचे पुत्र राणाजगजितसिंह राष्ट्रवादीकडून उभे राहिले. ओमराजे सुमारे सतरा हजार मतांनी विजयी झाले. २०१४ मध्ये राणाजगजितसिंहांनी जागा परत मिळविली; फरक दहा हजारांहून थोडा अधिक होता. २०१९ मध्ये दोघांच्याही वाटा बदलल्या. ओमराजे लोकसभेवर गेले, राणाजगजितसिंह भारतीय जनता पक्षात जाऊन तुळजापूरहून आमदार झाले आणि येथे शिवसेनेचे कैलास पाटील निवडून आले.

जून २०२२ मध्ये शिवसेना फुटली. सुरतेकडे निघालेल्या वाहनातून कैलास पाटील वाटेत उतरले आणि काही अंतर पायी, काही दुचाकीवर, काही मालमोटारीतून असा प्रवास करीत मुंबईला परतले. ही हकीकत आपल्याकडे घराघरांत सांगितली गेली. २० नोव्हेंबर २०२४ च्या निवडणुकीत शिवसेनेचे दोन्ही गट येथे समोरासमोर आले आणि उद्धव ठाकरे यांच्या पक्षाकडून कैलास पाटील ३६ हजारांहून अधिक मतांनी विजयी झाले. राज्यात वारे उलट दिशेने वाहत असताना हा निकाल लागला. भाई उद्धवरावांच्या काळचा स्वभाव या मातीने अजून सोडलेला नाही, असेच म्हणावे लागेल.

आपल्या खात्यावर काय?

नोकरीत असताना शेजारच्या एका मतदारसंघात सूक्ष्म निरीक्षक म्हणून माझी नेमणूक झाली होती. पहाटे उमेदवारांच्या प्रतिनिधींसमोर पन्नास मतांची चाचणी होते, ती पुसून यंत्र शून्यावर आणले जाते आणि मग मोहोर लागते. संध्याकाळी नोंदवहीतील मतदारांची संख्या आणि यंत्रातील मतांची संख्या जुळवून प्रतिनिधींना लेखी आकडा दिला जातो. बँकेत दिवसअखेरीस रोकड मोजण्यासारखेच हे काम. त्या संध्याकाळी यादी चाळताना पाहिले, तर पेठेतील एका गल्लीत ओळीने नावे कोरी होती. दुकाने बंद होती, घरांनाही कुलुपे होती. मला आमची बार्शी आठवली.

आपण व्यापारी रेल्वेबद्दल बोलतो, रस्त्यांबद्दल बोलतो, बाजार समितीच्या कारभाराबद्दल तावातावाने बोलतो. बार्शी लाइट रेल्वेची अरुंद रेल्वे येडशीवरून जाई आणि जिल्ह्याचे गाव बाजूला राही. रुंदीकरणात मार्ग वळवून गाडी गावात आली, ती अनेकांच्या वर्षानुवर्षांच्या मागणीमुळेच. सोलापूर-तुळजापूर-धाराशिव मार्गाचीही आपण आशेने वाट पाहत आहोत. मागणी करणाऱ्याने आधी मतदार यादीत असावे, एवढे तरी मान्य व्हावे.

काही साध्या गोष्टी सांगतो. लग्न होऊन आलेल्या सुनेचे नाव बहुधा माहेरच्या यादीतच राहते. ते 'नमुना ८' भरून सासरच्या पत्त्यावर आणता येते. पुण्यात स्थायिक झालेल्या मुलांनीही तसेच करावे, कारण कायद्याने दोन ठिकाणी नाव ठेवता येत नाही. नव्या मतदारासाठी 'नमुना ६' असतो आणि आता जानेवारी, एप्रिल, जुलै व ऑक्टोबर या महिन्यांच्या १ तारखेला वयाची अठरा वर्षे पूर्ण होणाऱ्यांना नोंदणी करता येते. पंचाऐंशी वर्षांवरील ज्येष्ठांना आधी अर्ज करून घरीच मतदान करण्याची सोय आहे.

२०२३ मध्ये गावाला धाराशिव हे जुने नाव पुन्हा मिळाले. २०२४ च्या निवडणुकीत मतदारसंघाचे नाव मात्र उस्मानाबाद असेच होते. नावाचा हिशोब शासन यथावकाश जुळवील. पाच मतांचा हिशोब आमचा आम्हालाच जुळवावा लागला. २००४ नंतरच्या प्रत्येक निवडणुकीत वडील सकाळी सातला रांगेत उभे असत आणि मतदान करून आल्यावरच चहा घेत. ते गेल्यावर ती प्रथा आमच्या घरात चालू आहे. दिवाळीला वहीपूजन करताना जुन्या बाकीची आठवण ठेवण्याची आपली रीत आहे. यंदा त्याच वेळी घरातील सर्वांची नावे मतदार यादीत आहेत की नाहीत, हेही एकदा पाहून घ्यावे.