भातुकली बोलते तेव्हा...

मूल गप्प आहे म्हणजे त्याला काही सांगायचंच नाही, असं थोडंच आहे? प्ले थेरपीचं दार ठोठावण्याआधी आईबाबांना माहीत हव्यात अशा काही गोष्टी.

माझी भाची सहा वर्षांची. गेल्या वर्षी तिची आजी वारली. ‘एवढ्याशा पोरीला काय सांगायचं?’ म्हणून घरच्यांनी सांगून टाकलं, ‘आजी गावाला गेलीय.’ पंधरा दिवसांत चिऊचं तंत्र बिघडलं. सकाळी शाळेच्या वेळेला पोटात दुखायचं, रात्री अंथरूण ओलं व्हायचं. ताई ऑफिसला निघाली की ओढणी धरून रडारड. शेजारच्या काकूंचं निदान तयार होतं, ‘नाटकं आहेत सगळी!’ मुलांच्या डॉक्टरांनी तपासलं, शारीरिक काही नाही म्हणाले आणि प्ले थेरपी सुचवली. भाऊजी वैतागले, ‘खेळायला कुणी पैसे मोजतं का?’

प्रश्न अगदीच चुकीचा नाही.

खेळ तोच, काम वेगळं

बॉसने झापलं की आपण मित्राला फोन लावतो आणि मोकळे होतो. लहान मुलांकडे तेवढे शब्दच नसतात. त्यांचं मन खेळातून बोलतं. म्हणूनच साधारण तीन ते बारा वर्षांच्या मुलांसाठी ही पद्धत वापरतात. खोलीत बाहुल्या, छोटंसं घर, प्राणी, वाळूचा ट्रे, रंग, डॉक्टर-डॉक्टरचा सेट असतो. आठवड्यातून एकदा, साधारण अर्धा ते पाऊण तास. अमेरिकेतल्या व्हर्जिनिया अॅक्सलाइन यांनी १९४७ मध्ये ‘प्ले थेरपी’ हे पुस्तक लिहिलं. त्यांचं सूत्र सोपं होतं, मूल पुढे चालणार, थेरपिस्ट मागे. ‘असं नको, तसं खेळ’ म्हणायचं नाही. मर्यादा फक्त गरजेपुरत्या, म्हणजे कुणाला इजा करायची नाही, वगैरे.

हे लक्षात ठेवा

- पाटी बघून भुलू नका. थेरपिस्टचं शिक्षण काय, प्ले थेरपीचं ट्रेनिंग कुठे घेतलं, मुलांसोबत किती काम केलंय, हे बिनधास्त विचारा. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट असतील तर नोंदणी आहे ना, तेही.
- ‘आज काय केलंस?’ अशी उलटतपासणी घरी नको. त्या खोलीतलं खासगीपण हाच उपचाराचा पाया आहे. थेरपिस्ट तुम्हाला रोख सांगतील, प्रत्येक वाक्य नाही. अपवाद सुरक्षिततेचा. लैंगिक अत्याचाराचा संशय आला तर २०१२ च्या पॉक्सो कायद्याने कळवणं बंधनकारक आहे.
- दोन सेशनमध्ये चमत्कार होत नाही. पण किती आठवड्यांनी आढावा घेणार, हे सुरुवातीलाच ठरवून घ्या.
- बोलणं उशिरा येणं, ऑटिझम यांसाठी स्पीच किंवा ऑक्युपेशनल थेरपीची गरज असेल तर प्ले थेरपी त्यांची जागा घेऊ शकत नाही.
- मुलाला सोडून मॉलमध्ये चक्कर मारायला जाऊ नका. २००५ मध्ये अमेरिकी संशोधकांनी ९३ अभ्यास एकत्र तपासले तेव्हा आईवडील सामील असतील तिथे जास्त फरक दिसला.

घरचा अर्धा तास

१९६० च्या दशकात बर्नार्ड आणि लुईस गर्नी या जोडप्याने तर आईवडिलांनाच शिकवायला घेतलं. त्यातला एक धडा घरीही जमण्यासारखा आहे. आठवड्यातून अर्धा तास, ठरलेल्या वेळी, मोबाईल दुसऱ्या खोलीत. खेळ मूल निवडणार. तुम्ही शिकवायचं नाही, सुधारायचं नाही, फक्त सोबत राहायचं. ऐकायला सोपं वाटतं ना? करून बघा!

आणि चिऊ?

ती दर वेळी बाहुलीची बॅग भरायची, तिला दाराबाहेर ठेवायची आणि वाट बघत बसायची. हे ताईला नंतर कळलं, तेही चिऊकडूनच. थेरपिस्ट ताईला एवढंच म्हणाल्या, ‘तिला निरोपाची भीती वाटतेय. आजीबद्दल तुम्ही काय सांगितलंय?’ त्या रात्री ताई-भाऊजींनी तिला जवळ घेऊन खरं काय ते सांगितलं. ती खूप रडली. मग तिने विचारलं, ‘म्हणजे आई, तू ऑफिसलाच जातेस ना? गावाला नाही ना?’

शाळेचं गाडं रुळावर यायला आणखी काही आठवडे लागलेच. पण हल्ली दर रविवारी सकाळी भाऊजी जमिनीवर मांडी घालून रिकाम्या कपातला चहा पितात. साखर कमी आहे, असं म्हणायची त्यांना परवानगी नाही.