दारातली दोन भाषांची अट

२८ जानेवारी १८३५ च्या सरकारी हुकुमाने कलकत्त्यात मेडिकल कॉलेज स्थापन झाले. त्यातली प्रवेशाची अट आजही मुद्दाम वाचावी अशी आहे. मुलगा चौदा ते वीस वर्षांचा हवा, जात-धर्म कोणताही चालेल. पण इंग्रजी आणि बंगाली, किंवा इंग्रजी आणि हिंदुस्तानी, अशा दोन भाषा त्याला लिहिता-वाचता आल्या पाहिजेत, आणि ते परीक्षा घेऊन तपासले जाईल. निवडलेल्या पन्नास मुलांना महिना सात रुपयांपासून बारा रुपयांपर्यंत विद्यावेतन. आत गेल्यावर मात्र सगळे शिक्षण इंग्रजीत. त्याच हुकुमाने, १८२२ पासून देशी भाषेत वैद्यक शिकवणारी नेटिव्ह मेडिकल इन्स्टिट्यूशन बंद केली. दारातल्या भाषा निराळ्या आणि वर्गात फक्त इंग्रजी, ही विसंगती तेव्हा रुजली ती आजतागायत गेलेली नाही. डॉक्टरकीचे शिक्षण इंग्रजीत की मातृभाषेत, असा वाद आपण हिरिरीने घालतो. माझ्या मते एकाच विद्यार्थ्याला दोन्ही भाषांत तयार करायला हवे, आणि कलकत्त्याचा इतिहास त्याचीच साक्ष देतो.

कारण इंग्रजी पदवीधरांवर काम भागेना. १८३९ मध्ये त्याच कॉलेजात सैन्याच्या गरजेसाठी हिंदुस्तानी वर्ग निघाला, १८५२ मध्ये बंगाली वर्ग. बंगाली वर्गाची जबाबदारी होती मधुसूदन गुप्त यांच्याकडे. हे मूळचे संस्कृत कॉलेजातले वैद्यकाचे शिक्षक, १८३६ मध्ये स्वतः शवविच्छेदन करून नावारूपाला आलेले. शरीररचनेचा इंग्रजी ग्रंथ त्यांनी संस्कृतात आणला आणि लंडनचा औषधीकोश बंगालीत. दोन्ही भाषा एकाच माणसात नांदू शकतात याचा याहून चांगला दाखला शोधायला नको. व्यवस्थेने मात्र भाषेनुसार माणसेच वाटून टाकली. इंग्रजीतून शिकलेला सब-असिस्टंट सर्जन झाला. देशी भाषेतून शिकलेला ‘नेटिव्ह डॉक्टर’, दर्जाने खालचा. १८७३ मध्ये बंगाली वर्ग सियालदहला हलला आणि पुढे कॅम्पबेल मेडिकल स्कूल म्हणून ओळखला जाऊ लागला. आजचे नीलरतन सरकार मेडिकल कॉलेज ते हेच. मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजातही देशी भाषांचे असे वेगळे वर्ग काढले होते.

तरीही कॅम्पबेलच्या या दुय्यम मानलेल्या शाळेने काय साधले, हे विसरून चालणार नाही. हैमवती सेन बालविधवा होत्या. १८९० च्या दशकात त्या कॅम्पबेलमध्ये बंगालीतून वैद्यक शिकल्या आणि परीक्षेत पहिल्या आल्या. वर्गातल्या मुलांनी एवढा गदारोळ केला की सुवर्णपदक सोडून त्यांना रौप्यपदकावर समाधान मानावे लागले. पुढे हुगळीच्या जनाना इस्पितळात त्यांनी बायकांवर उपचार केले. केवळ इंग्रजीची अट असती तर ही बाई डॉक्टर होणे फार अवघड होते.

आज वैद्यकीय प्रवेशाची ‘नीट’ परीक्षा बंगाली, मराठीसह तेरा भाषांत देता येते. म्हणजे १८३५ च्या नेमके उलटे झाले: दारात कोणतीही भाषा चालते. रोग्याची भाषा मात्र ना दारात तपासली जाते, ना शेवटच्या परीक्षेत. डॉक्टरकीच्या २०१९ च्या अभ्यासक्रमाने पहिल्या महिन्यात भाषा आणि संगणक या दोहोंसाठी मिळून चाळीस तास दिले. एवढ्यात फार तर नाव-गाव विचारता येईल. रोगी बोलतो ती भाषा वेगळीच असते. कोलकात्याच्या बाह्यरुग्ण विभागात आजी म्हणते, ‘माथा घुरछे’. मराठी विद्यार्थ्याला त्यात आपले ‘डोके फिरणे’ ऐकू येईल, पण तिला चक्कर येते आहे. शेजारचा माणूस ‘पाये झिनझिन’ म्हणतो, म्हणजे पायाला मुंग्या. पाय बधिर झाला असता तर तो ‘अबश’ म्हणाला असता. मुंग्या आणि बधिरपणा डॉक्टरने वेगवेगळे नोंदवायचे असतात. दोन्हींच्या जागी केसपेपरवर ‘अशक्तपणा’ पडला, तर निदानाचा धागा तिथेच तुटतो.

दोन्ही भाषांत तयार करण्यावर पहिला आक्षेप असा की नवे संशोधन इंग्रजीत येते आणि भाषांतरित पुस्तक छापून होईतो जुने होते. हे खरेच आहे. म्हणूनच २०२२ मध्ये मध्य प्रदेशाने वैद्यकाची हिंदी पाठ्यपुस्तके काढण्यामागचा उत्साह समजत असूनही केवळ पुस्तकांच्या भाषांतराने प्रश्न सुटेल असे मला वाटत नाही. ग्रंथ इंग्रजीत राहू द्यावेत. रोग्याची हकीगत घेणे, पथ्य सांगणे, शस्त्रक्रियेची संमती घेणे हे मात्र त्याच्या भाषेत शिकवावे. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. कोलकात्यात रोगी बंगाली बोलतो, तसाच हिंदी आणि उर्दूही; शिवाय देशभरातून आलेली मुले उद्या दुसऱ्या राज्यात जातील. मग शिकवायची कोणती? १८३५ च्या अटीत याचे अर्धे उत्तर आहे. तिथे ‘बंगाली किंवा हिंदुस्तानी’ असा पर्याय होता. इस्पितळात येणाऱ्या रोग्यांची एक भाषा विद्यार्थ्याने निवडावी. आणि एकदा एका परक्या भाषेत दुखणे नीट विचारायला शिकलेला डॉक्टर पुढच्या गावी दुसऱ्या भाषेतही कान देऊन ऐकतो, गोंधळला तर पुन्हा विचारतो. शेवटच्या वर्षाच्या प्रात्यक्षिकात परीक्षकासमोर खाटेवरच्या रोग्याशी दहा मिनिटे त्याच्या भाषेत बोलायला लावावे, आणि त्याला वेगळे गुण असावेत. भाषेसाठी दिलेले तास मग कुणी वाया घालवणार नाही.