पुडीतलं यीस्ट आणि पावातलं यीस्ट

भुसावळला मे महिन्यात पारा ४५ अंशांवर चढतो. अशा दिवसांत घरात कुणाला जुलाब सुरू झाले की मेडिकलमधून ओआरएससोबत बऱ्याचदा एक पुडी येते. तिच्यावर बारीक अक्षरांत ‘सॅकरोमायसिस बुलार्डी’ छापलेलं असतं. ‘हे तर बेकरीतलंच यीस्ट, मग पाव खाल्ला तरी झालं,’ असं काहींना वाटतं.

तसं नाही. भट्टीत पावाचा गाभा ९० अंशांच्या वर तापतो आणि यीस्ट साठीच्या आसपासच मरतं. पावातून जिवंत यीस्ट पोटात जातच नाही.

मग बेकरीचं कोरडं यीस्ट पाण्यातून घ्यावं का? तेही नको. दोघांचं नातं अगदी जवळचं आहे; जनुकं ९९ टक्क्यांहून अधिक सारखी. पण उरलेल्या फरकात बरंच काही आहे. बेकरीच्या यीस्टला ३० अंशांच्या आसपासची ऊब मानवते, बुलार्डी मात्र शरीराच्या ३७ अंशांत जोमाने वाढतं आणि जठरातल्या आम्लातही जास्त तगून राहतं. ते गॅलॅक्टोज ही साखर नीट वापरू शकत नाही, बीजाणूही धरत नाही. शिवाय क्लॉस्ट्रिडिओइडिस डिफिसिल या जिवाणूचं विष तोडणारं एक विकर ते सोडतं. फ्रेंच शास्त्रज्ञ आंरी बुलार्ड यांनी १९२०च्या दशकात इंडोचायनात लिची आणि मँगोस्टीनच्या सालींतून ते वेगळं केलं. कॉलऱ्याच्या साथीत तिथले लोक या सालींचा काढा पीत.

‘अँटिबायोटिक चालू असताना पुडी वाया जाते,’ हाही गैरसमज. अँटिबायोटिक जिवाणूंवर काम करतं, यीस्ट ही बुरशी आहे. म्हणून दह्यातल्या जिवाणूंपेक्षा ते इथे टिकतं. बुरशीवरची गोळी चालू असेल तर मात्र उपयोग नाही. आतड्यात ते मुक्कामही ठोकत नाही. पुडी थांबली की काही दिवसांत निघून जातं.

पुडी गरम चहा-दुधात ढवळू नका. दुपारी गच्चीवरच्या टाकीचं पाणी हाताला चटका देतं, तेही नको, माठातलं घ्या. आणि ओआरएस सोडून नुसत्या पुडीवर विसंबू नका. जुलाबात जीव जातो तो अंगातलं पाणी आटून.

प्रतिकारशक्ती खालावलेल्या किंवा अत्यवस्थ रुग्णाला ही पुडी देऊ नये. मोठ्या शिरेत नळी असलेल्या रुग्णाच्या खाटेजवळ तर ती फोडूही नये, कारण हातावरून किंवा हवेतून यीस्ट नळीवाटे थेट रक्तात उतरू शकतं.