मराठवाड्यातल्या भाडेकराराची सत्तर वर्षे

मुदखेडहून एक रेल्वेमार्ग निजामाबादवरून सिकंदराबादला जातो, दुसरा किनवटवरून आदिलाबादला. अशा जंक्शनच्या गावात बदलीवर आलेला रेल्वे कर्मचारी, शिक्षक किंवा बँकेतला माणूस आधी भाड्याची खोली शोधतो. मराठवाड्यात अशा घरांसाठीचा कायदाही दीर्घकाळ हैदराबादचाच होता.

हा भाग हैदराबाद राज्यात असताना, 1954 मध्ये, तिथे घरभाडे नियंत्रणाचा कायदा झाला. वाजवी भाडे ठरवणे आणि घर रिकामे करवायचे की नाही हे पाहणे, दोन्ही भाडे नियंत्रकाच्या हाती आले. भाडे थकले, परस्पर पोटभाडेकरू ठेवला किंवा मालकाला स्वतःलाच घराची खरी गरज पडली, अशी ठोस कारणे असल्याशिवाय भाडेकरूला उठवता येत नसे. 1956 मध्ये हैदराबाद राज्य तीन राज्यांत विभागले गेले. आंध्र प्रदेशाने 1960 मध्ये आणि म्हैसूरने 1961 मध्ये आपापले नवे कायदे केले. मराठवाड्यात मात्र जुनाच कायदा पुढे चार दशके चालला. महाराष्ट्र एक झाला, पण मुंबई-पुण्याला 1947 चा कायदा, विदर्भाला 1949 चा आदेश आणि आपल्याला 1954 चा कायदा, ही विभागणी तशीच राहिली.

ती 31 मार्च 2000 रोजी संपली. त्या दिवशी महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 लागू झाला. मालकाला दरवर्षी 4 टक्के भाडेवाढीचा हक्क मिळाला. भाडे थकले तरी लेखी नोटीस देऊन 90 दिवस थांबल्याशिवाय दावा लावता येत नाही. भाड्याची पावती देणे मालकावर बंधनकारक आहे, आणि भांडण झाले म्हणून वीज-पाणी तोडता येत नाही. लिव्ह अँड लायसन्सची मुदत संपूनही घर न सोडणाऱ्याला दुप्पट रक्कम भरावी लागते.

माझ्या मते सर्वांत मोठा बदल कलम 55 चा आहे. करार लेखी हवा, त्याची नोंदणी हवी आणि ती करून घेण्याची जबाबदारी मालकाची. नोंदणी न केल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा 5,000 रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. लेखी नोंदलेला करार नसेल तर अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे ग्राह्य धरले जाते. ते खोडून काढायचे ओझे मालकावर येते.

तरीही 'अकरा महिन्यांच्या कराराला नोंदणी लागत नाही' हा समज गावोगावी टिकून आहे. बाँडवर मजकूर टाइप करायचा, नोटरीचा शिक्का घ्यायचा, झाले. महाराष्ट्रात ही पळवाट नाही. मुदत कितीही असो, नोंदणी लागतेच. आता ती ऑनलाइनही होते.

केंद्राने जून 2021 मध्ये आदर्श भाडेकरू कायदा मंजूर केला. त्यात राहत्या घराची अनामत दोन महिन्यांच्या भाड्यापुरती मर्यादित आहे. पण हा विषय राज्यांचा असल्याने तो आपोआप लागू होत नाही.

1954 च्या कायद्यात भाडेकरूची मदार नियंत्रकाच्या निर्णयावर होती. आज दोघांचीही मदार नोंदलेल्या करारावर आहे. म्हणून अनामत किती, भाडेवाढ केव्हा, घर कधी सोडायचे, हे किल्ली हाती देण्याआधी लिहून नोंदवले गेलेच पाहिजे. त्यात आयुष्याची कमाई घरात घातलेल्या मालकाचेही हित आहे आणि लेकरांना घेऊन परगावी आलेल्या भाडेकरूचेही.