काळी पडते ना, डॉक्टर!

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

मार्चच्या दुपारी धारूरच्या बसस्थानकावर पाहा. कॉलेजच्या मुली डोळे तेवढे उघडे ठेवून अख्खा चेहरा ओढणीने बांधून निघालेल्या असतात. बालाघाटचे ऊन कडक, म्हणून बांधतात असे आपण समजतो. दवाखान्यात विचारले की बहुतेकींचे उत्तर एकच, 'काळी पडते ना, डॉक्टर!' ऊन लागेल, चक्कर येईल, याची धास्ती त्यानंतर.

हा निव्वळ नटवेपणा नव्हे. आमच्या तालुक्यातून दसरा-दिवाळीनंतर हजारो जोडपी ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात जातात. नवरा-बायको मिळून एक 'कोयता' धरला जातो. पाच-सहा महिने उघड्यावर फडात काढून परततात तेव्हा चेहरे रापलेले असतात. बाई साडीवर नवऱ्याचा जुना फुलबाह्यांचा शर्ट चढवते, डोक्याला फडके बांधते. उन्हापासूनचा हाच खरा बंदोबस्त. पण त्याचे कौतुक कोणी करीत नाही. 'पोरगी सावळी आहे' याचा अर्थ आमच्याकडे पुष्कळदा 'उन्हात राबणाऱ्या घरातली दिसते' असा लावला जातो. मग बायोडाटात सावळीची निमगोरी होते आणि बैठकीत रंगाची कसर हुंड्यात भरून मागतात. 1961 चा हुंडाबंदी कायदा तिथे कोणालाच आठवत नाही.

'फेअर अँड लव्हली' 1975 मध्ये बाजारात आली. 2020 मध्ये नावातले 'फेअर' जाऊन 'ग्लो' आले, मागणारे मात्र अजून जुन्याच नावाने मागतात. माझी काळजी वेगळी आहे. बाळंतपणानंतर वांग आला किंवा स्थळे यायला लागली, की मेडिकलमधून कोणाच्या तरी सांगण्यावरून एखादी ट्यूब येते. तिच्यात स्टिरॉइड असते. काही दिवसांत चेहरा उजळतो आणि तिथेच फसगत होते. पुढे त्वचा पातळ पडते, लाल होते, पुरळ उठते, लव वाढते. मलम सोडले की आग होते, म्हणून पुन्हा लावायचे. त्वचेतले मेलॅनिन ही आपली जन्मजात छत्री. मलम नेमकी तीच मिटवते. मग थोडेही ऊन सोसत नाही आणि ओढणी आणखी घट्ट होते.

सरकारने 2018 मध्ये अशी 14 स्टिरॉइड मलमे चिठ्ठीशिवाय विकण्यास मनाई केली. विक्री थांबलेली नाही. काही बेनामी क्रीममध्ये तर पारा असतो. अकोल्यातल्या एका कुटुंबातील तिघींना असे क्रीम लावून मूत्रपिंडाचा विकार जडल्याची बातमी 2023 मध्ये आली होती. क्रीममधला पारा मुंबईच्या केईएम रुग्णालयात सापडला.

सुपारी फुटलेल्या मुलीला 'मलम बंद कर' म्हटले, की तिची आईच म्हणते, 'लग्नापर्यंत तरी राहू द्या.' अशा वेळी मी एकच आग्रह धरतो. ट्यूब फेकू नका, रिकामी असली तरी दवाखान्यात आणा. क्लोबेटासॉल, बीटामेथासोन, मोमेटासोन ही नावे तिच्यावर फार बारीक अक्षरांत असतात. ती वाचली म्हणजे मलम एकदम तोडायचे की हळूहळू, हे ठरवता येते.