पाहिलं असेल, तर बोलायला हवं!

मैत्रिणींनो, क्रिकेटमध्ये खेळाडू 'हाऊज दॅट' म्हणून ओरडतात. कारण मागितल्याशिवाय पंच बाद देत नाही. आपल्या मुली शाळेत खेळतात त्या सॉफ्टबॉलमध्येही असाच नियम आहे. मुलींच्या मायांनीही तो समजून घ्यावा असा आहे.

खेळ सोपा आहे. चौकोनाच्या कोपऱ्यांवर बेस, दोन बेसमध्ये साठ फूट अंतर. चेंडू टोलवायचा आणि पहिला, दुसरा, तिसरा बेस करत होम प्लेटला पोहोचायचं, की झाली एक धाव.

धावणारीला बाद करायचं तर हातात किंवा ग्लोव्हमध्ये पक्का धरलेला चेंडू तिला टेकवायचा. याला म्हणतात टॅग. चेंडू एका हातात आणि रिकामा ग्लोव्ह दुसऱ्या हाताने लावला, तर ती बाद नाही. टेकवताना चेंडू निसटला तरी नाही. मात्र मागची खेळाडू येत असल्यामुळे पुढचीला जागा सोडावीच लागत असेल, तर तिला शिवायची गरज नाही. ती पोहोचण्याआधी चेंडू घेऊन पुढच्या बेसवर पाय ठेवला की पुरे.

खरी गंमत अपीलची. धावताना एखादीचा पाय बेसला लागलाच नाही, किंवा उंच चेंडू झेलला जाण्याआधीच ती बेस सोडून पळाली, तर अंपायर ते पाहतो. पण गप्प राहतो! क्षेत्ररक्षण करणाऱ्या संघाने विचारलं, तरच निर्णय देतो. विचारायचं तेही नेमकं : कोणती खेळाडू, कोणता बेस. आणि वेळेत! पिचरने पुढचा चेंडू टाकला, की हक्क गेला.

आमच्या कंधारच्या मुलींचा एक सामना मी पाहत होते. समोरच्या संघातली मुलगी दुसरा बेस चुकवून पुढे पळाली. आपल्या एका पोरीनं ते नीट पाहिलं. पण बोलली केव्हा? पुढचा चेंडू पडल्यावर, तेही मैत्रिणीच्या कानात. ती धाव कायम राहिली. नंतर मी विचारलं, "का गं, तवाच का नाही सांगितलंस?" म्हणाली, "काकू, सरांना मधीच कसं बोलावं?"

ऐकून मन खट्टू झालं. मोठ्यांच्या मधे बोलू नये, हे आपणच शिकवतो ना? मोठ्यांचा मान ठेवावाच. पण अपील म्हणजे उलट बोलणं नव्हे, भांडण तर नव्हेच. नियमाने दिलेला तो हक्क आहे. आवाज चढवायचा नाही, हुज्जत घालायची नाही. जे पाहिलं ते स्पष्ट सांगायचं. निकाल विरुद्ध गेला तर मानायचा आणि पुढं खेळायचं.

१९९६ साली अटलांटाला सॉफ्टबॉल ऑलिम्पिकमध्ये आला, तो फक्त महिलांचा खेळ म्हणून. २००८ नंतर तो वगळला गेला, टोकियोत २०२१ मध्ये परत आला आणि २०२८ मध्ये लॉस एंजेलिसलाही आहे. तिथल्या खेळाडूंनाही विचारल्याशिवाय हा निर्णय मिळत नाही.

रेशनच्या रांगेत कुणी मधे घुसलं, एसटीत सुट्टे पैसे परत आले नाहीत, ग्रामसभेत आपला विषय राहून गेला, की आपण घरी येऊन चरफडतो. तोवर पुढचा चेंडू पडलेला असतो. म्हणून लेकीला मैदानावर जरूर पाठवा. आणि ती घरी काही नेमकं विचारू लागली, तर "गप बस" म्हणण्याआधी तिचं म्हणणं ऐकून घ्या.