मुंबईच्या हेरिटेज वॉकचा एक थांबा भातसानगरला का हवा?

सुट्टीच्या दिवशी सकाळी फोर्टात गेलात तर दहापंधरा जणांचा एखादा घोळका हमखास दिसतो. पुढे गाईड, मागे मोबाईल उंचावून चाललेली मंडळी. दीडदोन किलोमीटर चालायचं, इमारतींचे किस्से ऐकायचे आणि शेवटी चहा-बनमस्का. हेरिटेज वॉक म्हणतात तो हाच.

या वॉकमध्ये एक गोष्ट पुन्हा पुन्हा भेटते, पाणी. चर्चगेटजवळची पारशांची भिखा बेहराम विहीर १७२५ची. फ्लोरा फाउंटन १८६४चा. मशीद बंदरच्या भात बाजारातली केशवजी नायक यांची पाणपोई १८७६ची. आणि नावं बघा. धोबी तलाव, सी. पी. टँक, दो टाकी, गोवालिया टँक. नावात तलाव आहे, जागेवर टिपूसभर पाणी नाही.

हे तलाव गेले कुठे? तर ते बुजवले गेले, कारण शहराला बाहेरून नळाचं पाणी मिळायला लागलं. १८६०मध्ये विहार तलाव झाला, १८७९मध्ये तुळशी. तेही पुरेनात. मग १८९२मध्ये तानसा आलं आणि मुंबईचं पाणी पहिल्यांदा शहापूर तालुक्यातून यायला लागलं. १९५७मध्ये वैतरणेवर मोडक सागर झाला. त्याला नाव दिलंय महापालिकेचे इंजिनिअर नानासाहेब मोडक यांचं. पुढे १९८०च्या दशकात भातसा.

गाईड इतकं सांगतो, तहानलेले लोक बिसलेरीचं झाकण उघडतात आणि वॉक संपतो. गोष्ट मात्र अर्धीच झालेली असते.

क्योटोत काय करतात?

जपानमधल्या क्योटोला लोक देवळं बघायला जातात. पण तिथल्या नान्झेन-जी मंदिराच्या आवारात विटांच्या कमानींचा एक उंच पूल आहे आणि त्याच्यावरून पाणी वाहतं. हा बिवा तलावाचा कालवा. १८८५मध्ये काम सुरू झालं, १८९०मध्ये पाणी क्योटोत पोहोचलं. काम ज्याच्या हाती दिलं तो साकुरो तानाबे तेव्हा कॉलेजातून नुकताच बाहेर पडलेला पोरगा होता. या कालव्याच्या पाण्यावर १८९१मध्ये वीज तयार झाली, त्यावर ट्राम धावल्या. आजही क्योटोच्या नळाचं जवळपास सगळं पाणी बिवाचंच आहे.

आता मुद्दा. तिथले वॉक मंदिरापाशी थांबत नाहीत. कालव्याच्या काठाकाठाने, डोंगर ओलांडून, लोक थेट शेजारच्या शिगा प्रांतापर्यंत जातात, जिथून पाणी येतं तिथे. वाटेत केआगेला एक दगड लागतो. कालवा खोदताना मेलेल्या १७ जणांची नावं त्यावर आहेत. तो दगड तानाबेने स्वतः उभारला.

आणि क्योटो शहर शिगाला दरवर्षी २० कोटी येनपेक्षा जास्त रक्कम देतं. ही पाणीपट्टी नव्हे. त्या पैशाचं नावच ‘आभाराचे पैसे’ असं आहे.

आता भातसानगरला या

मुंबईला पाणी देणारे तलाव सात. त्यांची एकूण क्षमता १४ लाख ४७ हजार ३६३ दशलक्ष लिटर. त्यातले ७ लाख १७ हजार ३७ दशलक्ष लिटर एकट्या भातसात. म्हणजे निम्मं. दादरला नळ सोडणाऱ्या माणसाला भातसानगर नकाशावर दाखवता येईल का, हा प्रश्न मी बऱ्याच जणांना विचारलाय. उत्तर सांगायची गरज नाही.

भातसानगर म्हणजे धरणाची वसाहत, शहापूर तालुक्यातली. इथे भातसा आणि चोरणा नद्यांचं पाणी अडवलंय. धरण राज्य सरकारच्या जलसंपदा विभागाचं, मुंबई महापालिकेचं नाही. पायथ्याला १५ मेगावॅटचं वीजघर आहे. गंमत म्हणजे इथून मुंबईला थेट पाइप जात नाही. पाणी सोडतात ते नदीतच. जवळपास ४८ किलोमीटर ते नदीतूनच वाहतं आणि भिवंडी तालुक्यात पिसेच्या बंधाऱ्यावर अडतं. तिथे पंपाने उचलायचं, पांजरापूरला शुद्ध करायचं, मग मुंबईकडे पाठवायचं. पिसेला वीज गेली की मुंबईत ‘पाणी जपून वापरा’ची बातमी येते, त्यामागचं कारण हे.

मग धरणाच्या शेजारच्या गावांना पाणी किती? दर उन्हाळ्यात शहापूरच्या कितीतरी गावपाड्यांना टँकर लागतो. बाया हंडे घेऊन आटलेल्या विहिरीच्या तळाशी उतरतात. फोटो दरवर्षी व्हायरल होतात, कॅप्शनही तेच असतं, ‘धरण उशाला, कोरड घशाला’.

याचं एक कारण साधं आहे. धरण दरीत असतं आणि पाडे वर डोंगरउतारावर. पाणी खाली जातं. खाली पिसे आहे, पुढे मुंबई आहे. पाड्यावर पाणी चढवायचं तर पंप हवा, वीज हवी, पाइप हवेत आणि महिन्याचं बिल भरणारं कुणीतरी हवं. ग्रामपंचायतीला ते झेपत नाही. त्यात इथला काळा दगड पाणी धरून ठेवत नाही. पाऊस धो धो पडतो आणि होळी गेली की विहिरी तळ गाठतात. म्हणून शहापूरसाठी इगतपुरी तालुक्यातल्या भावली धरणाची योजना आखली गेली. भावली घाटावर आहे, तिथून पाणी उताराने खाली येतं.

पण उतार हे अर्धंच कारण. नद्याही उताराने समुद्राला जात होत्याच, त्यांना अडवून तानसा बांधलंच की १८९२मध्ये. पैसा आणि निर्णय ज्याच्याकडे, त्याच्याकडे पाणी वळतं. मुंबई भातसाच्या पाण्याचे पैसे भरते, पण ते जलसंपदा विभागाला. शहापूरला ‘आभाराचे’ म्हणून वेगळं काही येत नाही. धरणात जमिनी गेलेल्यांची पिढी म्हातारी झाली तरी पुनर्वसनाचे अर्ज चालूच आहेत.

असा वॉक खरंच काढायचा तर कठीण नाही. कसाऱ्याची लोकल पकडून आसनगावला उतरायचं, शहापूरमार्गे भातसानगर. धरणाच्या भिंतीवर परवानगीशिवाय जाता येत नाही, पण वसाहत बघता येते, नदी बघता येते. गाईड म्हणून धरणावर नोकरी करून निवृत्त झालेला एखादा माणूस आणि जमीन गेलेला एखादा माणूस, दोघंही हवेत. एकट्याचं ऐकलंत तर पुन्हा अर्धीच गोष्ट मिळेल. जमलं तर एखाद्या पाड्यावर मे महिन्यात जा. तिथे मात्र बिसलेरी काढू नका.

शेवटचा थांबा सापगावचा पूल, शहापूर-मुरबाड रस्त्यावर. त्याच्याखालून वाहते ती भातसा. पावसाळ्यात धरणाचे दरवाजे उघडले की नदीकाठच्या गावांना सावध राहायला सांगतात, त्या दिवसांत तिकडे फिरकू नका. बाकी दिवसांत कठड्याशी उभं राहून खाली बघा. ते पाणी पिसेकडे निघालेलं असतं.